श्यामलाच्या नावावर

कोल्हापूर, ८ जानेवारी १९५०

श्यामे,

आशीर्वाद आईचे. माझे आहेतच, ते लिहायची गरज नाही.

तुझं पाकीट काल आलं. आईनं आधी वाचलं, मग माझ्याकडे दिलं आणि म्हणाली, तू काय ते कळव, ह्यातलं मला समजत नाही. मग ती देवळाला गेली.

घाबरू नकोस. संक्रांतीला चार बायकांसमोर टोपडं विणायला बस, एवढंच तुझ्या सासूबाईंनी सांगितलं आहे. त्यांनी काही पकडलेलं नाही. नव्या सुनेचा हात लोकांना दाखवावा, असं कुठल्याही सासूला वाटेल.

तुला चोरी केल्यासारखं वाटतं, असं तू लिहितेस. ते मनातून काढ. बेळगावची मंडळी तुला बघायला आली तेव्हा मी माजघराच्या दाराआड होते. विधवेनं अशा वेळी पुढे यायचं नसतं. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही. आईनं माझी ट्रंक उघडली, माझे स्वेटर, मोजे, शाल सगळं सतरंजीवर मांडलं आणि म्हणाली, हे आमच्या श्यामलाच्या हातचं. तुला ते आधी माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. तू दाराकडे बघितलंस. मी होकाराची मान हलवली. नुसती उभी राहिले असते तर ती चोरी झाली असती. मी मान हलवली, म्हणजे मी दिलं.

आता असं कर. संक्रांतीच्या आदल्या दिवशी तिळगुळाचा पाक तू कर. उजव्या हाताच्या बोटाला चटका बसला म्हणून चिंधी बांध. चटका थोडासा खरंच घे. पाकाचा चटका सगळ्या बायकांना पटतो.

कुठे शिकलीस असं विचारलं तर वळिवड्याच्या पोलंड कॅम्पात म्हण, लढाईत घरदार सोडून आलेल्या पोलिश बायकांकडे. बाबा तिथल्या कोठारात कारकून होते, हे त्यांना ठाऊक आहे. यानिनाबाईंचं नाव सांग. त्यांनी शिकवलं ते मला, पण बाई खऱ्या आहेत. तू कॅम्पात एकदाच आली होतीस आणि त्यांच्या मांजरानं तुला ओरखडलं होतं. तेही सांगायला हरकत नाही. माणूस मांजरासकट सांगितलं की खरं वाटतं.

टोपडं मी विणून पाठवते. चटका बसायच्या आधी झालं होतं, असं म्हण. बेळगावच्या गाडीवर केरबा आहे, तो घरपोच देईल.

हे आपल्या तिघींत राहील. मी जिवंत असेपर्यंत राहील.

तुझी,
अक्का


कोल्हापूर, २२ जानेवारी १९५०

श्यामे,

"अक्का, निभावलं," एवढं तू वरतीच लिहिलंस ते बरं केलंस. खालचं सावकाश वाचता आलं. सासूबाईंनी स्वतः तुझ्या बोटाला तूप लावलं, हे वाचून आई हसली. ती बऱ्याच दिवसांनी हसली.

केरबाची गंमत सांगायची राहिली. पार्सल न्यायला आला, हातात घेऊन दाबून बघितलं. म्हणाला, "अक्का, बाँब हाय का काय ह्यात? केवढी शिवण घातलीया." मी म्हटलं, टोपडं आहे, बेळगावला श्यामलाकडे द्यायचं. तो बोटांवर महिने मोजायला लागला. "टोपडं? आवो, आत्ता तर लगीन झालं." मग कानाला हात लावून निघून गेला. आता पेठेत काय काय पसरेल ते तू समज.

तुझा आवाज मात्र पत्रात ऐकू येत नाही. तू आधी लांबलचक लिहायचीस. नव्या घरात वेळ मिळत नसेल.

तुझी,
अक्का


कोल्हापूर, ११ नोव्हेंबर १९५१

श्यामे,

पार्सल केरबाबरोबर दिलं. नृसिंहरावांचा बिनबाह्यांचा स्वेटर, बाळाचे मोजे, सासूबाईंच्या धाकट्या बहिणीसाठी शाल आणि त्यांच्या कुणा मैत्रिणीच्या नातवाला कुंची. ही मैत्रीण कोण, मला माहीत नाही. तिच्या नातवाच्या डोक्याचं माप मात्र मला पाठ आहे.

शालीला नवी वीण घातली आहे. कुठल्या पुस्तकातली नाही, यानिनाबाईंचीही नाही. दसऱ्याला आपट्याचं पान हातात घेऊन बसले होते. ते मध्ये दुभंगतं पण देठाशी एकच राहतं. ते लोकरीत येतं का, बघत होते. अकरा वेळा उसवलं. बाराव्यांदा पान फुटलं, आणि देठ सुटला नाही. मी तुकडा घेऊन ओसरीवर उजेडात गेले. दाखवायला कुणी नव्हतं, म्हणून परत आले.

कुणी विचारलं तर तुला सांगता यावी म्हणून ती वीण ओळीओळीनं कागदावर उतरवली आहे. सुलट कुठे, उलट कुठे, दोन टाके एकत्र कुठे घ्यायचे, सगळं आहे. कागदाच्या माथ्यावर तुझं नाव घातलं आहे. कुणाच्या हाती पडला तरी प्रश्न यायला नको.

बायडाबाई दूध घालायला आली की दारातूनच विचारते, "अक्का, कुणाचं एवढं गारठलंय? बारा म्हैनं इनतायसा." मी सांगते, बेळगावला थंडी फार. "आसंल की. तिकडं बायकास्नी हात न्हाईत वाटतं." आई आतून खोकते.

मी मागच्या खोलीत दार लावून विणते. आधी ते तुझ्यासाठी होतं, कुणी बघू नये म्हणून. आता मला ते दार लावायला आवडतं. ह्या घरात मी लावू शकेन असं दुसरं दार नाही.

बाळाच्या अंगावर निळं कसं दिसतं, ते कळव. मागच्या वेळीही विचारलं होतं.

तुझी,
अक्का


कोल्हापूर, १९ ऑगस्ट १९५३

श्यामे,

हे पत्र एकटी असताना वाच.

इथल्या एका मुलींच्या शाळेत शिवण-विणकामाला बाई हव्या आहेत. मी अर्ज केला. तुला आधी कळवलं नाही, कारण मिळेल असं वाटलं नव्हतं.

दादा आम्हांला पुण्याला बोलावतो आहे. आई गेली तर आई म्हणून जाईल. मी कशासाठी जाणार, ते तुला ठाऊक आहे. वहिनीच्या ह्या बाळंतपणासाठी, मग पुढच्या. मी आता सत्तावीस वर्षांची आहे. शाळा मिळाली तर मला इथं राहता येईल, आणि कुणाची विधवा बहीण म्हणून नाही.

काल मुलाखत झाली. शाळेच्या मोठ्या बाई एकट्याच होत्या. मी नमुने टेबलावर ठेवले. त्यांनी आपट्याच्या विणीचा तुकडा उचलला, उलटा करून बघितला आणि म्हणाल्या, "ही मी पाहिली आहे." गेल्या वर्षी बेळगावच्या महिलांच्या प्रदर्शनात त्या परीक्षक होत्या. ह्याच विणीच्या शालीला त्यांनी पहिलं बक्षीस दिलं होतं. चिठ्ठीवर नाव होतं सौ. श्यामला नृसिंह हेरेकर.

बक्षिसाचं तू मला कळवलं नव्हतंस.

त्यांनी विचारलं, वीण कुणाची? मी आठ दिवस मागितले. असल्या प्रश्नाला आठ दिवस कशाला लागतात, असं त्यांच्या तोंडावर दिसलं. पण हो म्हणाल्या.

मला फक्त त्या एका बाईंना खरं सांगू दे. त्या इथल्या, तुझं घर तिथं. त्या कुणाला बोलणार नाहीत असं मी मागून घेईन. मी तुला विचारल्याशिवाय सांगणार नाही. पण श्यामे, हो म्हण.

अक्का


कोल्हापूर, ३ सप्टेंबर १९५३

श्यामे,

तुझ्या आठ ओळी मिळाल्या. "सासूबाईंना कळलं तर मला घरात ठेवणार नाहीत. माझ्या दोन लेकरांकडे बघ."

बघितलं.

मोठ्या बाईंना सांगितलं की वीण माझ्या धाकट्या बहिणीची आहे. त्यांनी विचारलं, मग ह्यात तुमचं स्वतःचं काय? मी म्हटलं, काही नाही. त्यांनी अर्जावर तसं लिहून द्यायला सांगितलं. मी लिहिलं: सादर केलेले सर्व नमुने माझी बहीण सौ. श्यामला हिच्या कामावरून उतरवलेले आहेत. खाली सही केली. बाई वाईट बोलल्या नाहीत. हात चांगला आहे म्हणाल्या, पण नुसत्या हातावर शिकवता येत नाही.

जागा सांगलीच्या एका बाईंना मिळाली. दिवाळीनंतर दादा मला न्यायला येईल. तोवर वहिनीचे दिवस भरत आलेले असतील. आई इथंच राहते म्हणते.

तुझी लोकर पोचली. राखी रंगाच्या तीन लड्या आणि मापाची चिठ्ठी. सोबत काही लिहिलेलं नव्हतं. घाईत असशील.

तुझी,
अक्का


कोल्हापूर, १२ डिसेंबर १९५५

श्यामला,

तुझ्या सासूबाई काल आपल्याकडे जेवायला होत्या. अंबाबाईच्या दर्शनाला आल्या होत्या, आईनं आग्रह केला. पुण्याहून परत आल्यापासून मी सगळ्यांसमोर वावरते. पाळायचं आता फारसं कुणी पाळत नाही.

त्या आल्या तेव्हा माझ्या हातात तुझ्या थोरल्याचा स्वेटर होता. मी तो उशीखाली सारला. सहा वर्षांची सवय. त्यांनी ते बघितलं. बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "ते कशाला लपवता? काढा की बाहेर. मला तुमचा हात कधीचा बघायचाय."

मी म्हटलं, काही नाही, श्यामलाचं बघून थोडंफार करते.

त्या हसायला लागल्या. वाईट हसल्या नाहीत, श्यामला. डोळ्याला पदर लावण्याइतक्या हसल्या. "अहो, अजून तेच? तुमच्या बहिणीनं तुम्हांला सांगितलंच नाही होय?"

मग त्यांनी सांगितलं. ते तुला माहीत आहे, तरी मी लिहिते. मला कसं कळलं, तेवढं तरी तुला माहीत असू दे.

संक्रांतीच्या दिवशी, बायका जमायच्या आधी, त्यांनी तुझी चिंधी सोडली. तूप लावलं, ते खरं आहे. तूप लावून त्यांनी तुझ्या हातात सुया दिल्या. त्या म्हणाल्या, "मी मिशनच्या शाळेत विणकाम शिकलेली बाई. तिनं सुई धरली ती उलथन्यासारखी. मला काय सांगायला पाहिजे?" तू रडलीस आणि सगळं सांगितलंस. आईचं, ट्रंकेचं, माझं. त्या तुला म्हणाल्या, गप बस, बहिणीला येतंय ना, मग घरातच आहे की.

हे पन्नास सालच्या संक्रांतीला. आठवड्याच्या आत तू मला लिहिलंस, अक्का, निभावलं.

मी विचारलं, नृसिंहरावांना ठाऊक आहे का. त्या म्हणाल्या, "त्याला तिनं माझ्या आधीच सांगितलेलं. नवऱ्यापासून कुठं लपवतात पोरी?"

मी विचारलं, मग प्रदर्शनात शालीवर तिचं नाव कसं? त्यांना प्रश्नच कळला नाही. म्हणाल्या, "माझी सून ती. तुमचं नाव मी कुठल्या नात्यानं घालणार?"

मग मी शेवटचं विचारलं. हे सगळं तुम्हां सगळ्यांना ठाऊक होतं, तर मला का नाही कुणी सांगितलं? आता त्या जरा अवघडल्या. पानावरचा भात चिवडत राहिल्या. "मी म्हटलं होतं तिला, सांगून टाक म्हणून. ती म्हणाली, नको. अक्काला वाईट वाटेल, तिला तेवढाच विरंगुळा आहे."

मी त्यांना ताक वाढलं. त्यांनी जाताना माझ्या दंडावर हात ठेवला आणि थोरल्याच्या स्वेटरची बाही बोटभर लांब ठेवा म्हणाल्या, पोरगं वाढतंय.

त्रेपन्न साली तू लिहिलंस, मला घरात ठेवणार नाहीत. त्या वेळी घरातल्या प्रत्येक माणसाला ठाऊक होऊन साडेतीन वर्षं झाली होती. तुझ्या त्या आठ ओळी मी पुण्याला बरोबर नेल्या होत्या. वहिनीच्या घरी फार जड व्हायचं तेव्हा काढून वाचायची. मी कशासाठी इथं आले, ते आठवायला.

उत्तर दे. आईच्या पाकिटात नको. वेगळं दे.

अक्का


कोल्हापूर, ९ जानेवारी १९५६

श्यामला,

उत्तर आलं. चार पानं. लग्न झाल्यापासून एवढं मोठं पत्र तू मला लिहिलं नव्हतंस.

सांगायची वेळच आली नाही, असं तू लिहितेस. सहा वर्षांत, माझे पुण्याचे दिवस सोडले तर, दर महिन्याला केरबा आला. पहिल्यांदा भीती वाटली म्हणून सांगितलं नाही, मग उशीर झाला म्हणून नाही, मग माझं तुझ्यावाचून अडेल असं वाटलं म्हणून नाही. तिन्ही कारणं मी खरी मानते. शाळेच्या वेळी चौथं कारण होतं, ते तू लिहिलं नाहीस. मी शाळेत गेले असते तर पार्सलं थांबली असती. सासूबाईंची बहीण, मैत्रीण, मैत्रिणीचा नातू. तुझ्या घरी तुझी किंमत त्या पार्सलांनी होती. मी तुझ्या जागी असते तर मलाही भीती वाटली असती. पण मी हो म्हटलं असतं.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली.

तिला ठाऊक होतं. पहिल्या बाळंतपणाला तू इथं आलीस तेव्हाच तू तिला सांगितलं होतंस. तेव्हा मी तुझ्या उशाशी बसून मोजे विणत होते.

मी म्हटलं, आई, मी एवढी वर्षं मागच्या खोलीत दार लावून बसले.

ती म्हणाली, "तू कामात होतीस. नवरा गेल्यावर तू चार महिने बोलली नव्हतीस. नंतर तुला त्या पार्सलांची घाई असायची. मला वाटलं, बरं आहे. कशाला मोडा?"

मी म्हटलं, आणि शाळा?

तिनं सूप खाली ठेवलं. "शाळेचं मला एवढं वाटलं नव्हतं," म्हणाली.

खोटं बोलली असती तर मी तिच्याशी भांडले असते.

मग मी मोठ्या बाईंकडे गेले. दोन वर्षांनी. त्यांनी मला ओळखलं. मी म्हटलं, तो अर्ज खोटा होता, वीण माझी आहे. त्यांनी कपाटातून अर्ज काढला आणि माझी सही माझ्यासमोर ठेवली. म्हणाल्या, "तेव्हाही तुम्ही अशाच सरळ चेहऱ्यानं बोलला होता. आता कशावरून?"

बहिणीला विचारा म्हणायची सोय नव्हती.

त्यांनी टेबलाच्या खणातून सुया काढल्या. एका मुलीचा अर्धवट मफलर होता. म्हणाल्या, "बसा. ती शालीची वीण घाला."

मी धागा डाव्या बोटावर घेतला, यानिनाबाई घ्यायच्या तसा. कॅम्प सुटल्यापासून मी परक्या कुणासमोर विणलेलं नाही, श्यामला. सुरुवातीचे टाके घट्ट आले. मग विसरले. मान वर केली तेव्हा आपट्याचं एक पान झालं होतं आणि बाई खुर्ची ओढून माझ्या बाजूला येऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "देठाशी काय केलंत, ते पुन्हा दाखवा."

दाखवलं. त्यांनी स्वतः करून बघितलं, चुकल्या, मी उसवून दिलं.

मग त्यांनी विचारलं, "हे तेव्हाच का नाही केलंत? दहा मिनिटांचं काम होतं."

उत्तर होतं, पण ते त्यांना देण्यासारखं नव्हतं. तुलाही कदाचित नसेल, तरी देते. तुझं गुपित सांभाळणं मला आवडत होतं. मला वाटायचं, माझ्या हातावर एक अख्खं घर उभं आहे. दुसऱ्या कुणाला असं वाटत नव्हतं. तुम्ही सगळे मला काम देत होता आणि मी समजत होते, मी तुम्हांला काही देते आहे. तुझ्यावर रागावले आहे त्यातला थोडा राग ह्याचा आहे. तो मी वेगळा काढायचा प्रयत्न करते. नेहमी जमत नाही.

जूनपासून शाळेत आणखी एक वर्ग निघतो आहे. वर्षभरासाठी, हंगामी. बाई मला घ्यायला तयार आहेत. अट एकच. आधीचं निवेदन खोटं होतं, आणि कुणाच्या सांगण्यावरून खोटं होतं, ते मी लेखी द्यायचं. तो कागद समितीपुढे जाईल. बेळगावच्या बक्षिसाचा उल्लेख त्यात येणार, कारण परीक्षक त्या स्वतः होत्या. त्यांनी मला आधीच बजावलं, ह्याची चर्चा तिकडे होईल.

ह्या वेळी मी आठ दिवस मागितले नाहीत. तिथंच बसून लिहिलं.

तुला कळवते आहे. विचारत नाही.

अक्का


कोल्हापूर, १७ जून १९५६

श्यामला,

तुझं पत्र, मागोमाग नृसिंहरावांचं आणि त्यानंतर पुन्हा तुझं, तिन्ही मिळाली. शाळा सुरू झाल्यामुळे उत्तराला उशीर झाला.

महिला मंडळानं बक्षीस परत मागितलं, हे कळलं. सासूबाई तुझ्याशी बोलत नाहीत, हेही कळलं. त्या खोट्यासाठी रागावलेल्या नाहीत, चारचौघींत उघडं पडल्यासाठी रागावल्या आहेत, असं तू लिहितेस. मला ते खरं वाटतं. त्यांचा राग ओसरेल. त्यांना तू आवडतेस. मला त्यांनी ते जेवताना दोनदा सांगितलं होतं.

नृसिंहराव लिहितात, घरातली गोष्ट घरात मिटवता आली असती. त्यांना वेगळं उत्तर पाठवत नाही. ती घरातच मिटवली होती, सहा वर्षं. त्या घरात मी नव्हते.

तू लिहितेस, अक्का, तू मला दगा दिलास. हे वाक्य मी बराच वेळ बघत होते. तुला तसं वाटत असणार. माझ्या त्या कागदामुळे तुला मंदिरात, हळदीकुंकवाला, सगळीकडे खाली मान घालावी लागते. मी सही करताना ते मला दिसत होतं, आणि तरी मी सही केली. म्हणून हे नाकारत नाही. पण मी केलं ते तुला आधी सांगून केलं. आपल्यातला फरक मोजायचाच तर एवढाच आहे, आणि तो मला पुरतो.

वर्गात चौतीस मुली आहेत. गवळ्याच्या, मास्तरांच्या, एक तालमीतल्या पैलवानाची. तिची बोटं इतकी जाड आहेत की टाका दिसत नाही, पण तिचाच हात सगळ्यांत सरळ चालतो. पहिल्या दिवशी मी टाके घालून दाखवत होते. सगळ्या माझ्या हाताकडे बघत होत्या. माझा हात थांबला. पैलवानाची पोरगी म्हणाली, "बाई, थांबू नगा की. आत्ता कळाय लागलंतं." मग चालू ठेवलं.

आई इथंच आहे. आम्ही बोलतो. भाजी काय आणायची, पाणी आलं का, असं बोलतो. संध्याकाळी ती माझ्या येण्याची वाट बघते आणि मी आले की आत जाते. तुला काय कळवायचं ते ती तिचं कळवेल.

मुलगी झाली, ऐकून बरं वाटलं. दोन मुलग्यांवर तुला मुलगी हवी होती. बारशाला ये, सगळं विसरून ये, असं तू लिहिलंस. आणि खाली, बाळाचं माप लिहिलंस.

ते माप मी तीनदा वाचलं. तुझ्या हातून ते सवयीनं लिहिलं गेलं असेल. तसंच असावं. तू मुद्दाम लिहिलं असशील, तर त्याचा अर्थ मला लावायचा नाही.

मी येणार नाही. सुट्टी नाही, हे कारण खरं आहे, पण तेवढंच नाही. मी बारशाला आले तर तू मला पाटावर बसवशील, सासूबाई आग्रहानं वाढायला पुढे होतील, सगळ्या माझ्या हाताचं कौतुक करतील आणि आपण सगळं मिटलं असं समजू. मला ते समजायचं नाही. अजून नाही. कदाचित पुढेही नाही.

हे पत्र कुणालाही दाखव. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

तिकडे पावसाबरोबरच गारठा सुरू होतो. बाजारात तयार टोपडी मिळतात.

प्रमोदिनी